जाळ्याचं अस्तर

सकाळचे दहा वाजले होते. मावशी दारापुढच्या पडवीत पाय पसरून बसल्या होत्या. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवलेला, मांडीवर जाळं आणि हातातली सुई भराभर चाललेली. साऱ्या बंदरावर त्यांना मावशीच म्हणत, सख्खा भाचा मात्र त्यांना एकही नव्हता. मुलाचं नवं जाळं आज पुरं व्हायला हवं होतं, कारण उद्या सकाळी त्याची बोट निघायची होती.

शेवटचं काम तेवढं उरलं होतं, ते म्हणजे अस्तर. जाळ्याच्या शेपटाला एक पिशवी असते, तिला खोळा म्हणतात. ओढलेले सगळे मासे तिथे येऊन साठतात. लहान मासे निसटावेत, वाढावेत, एकदा तरी त्यांनी अंडी घालावीत म्हणून खोळ्याची भोकं केवढी असावीत हे सरकारने ठरवून दिलं आहे. तपासनीस येतो, बाहेरून मोजपट्टी लावतो, सही करतो, चहा पितो आणि जातो. आत बारीक जाळीची दुसरी पिशवी शिवलेली असते, ती काही त्याला दिसत नाही. दिसू नये असं ठरवूनच तो येतो, असंही लोक म्हणतात.

हे अस्तर बंदरावर पहिल्यांदा शिवलं ते मावशींनी.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरा आठ दिवस ओळीने हात हलवत परत आला होता. मावशींनी घरातली जुनी मच्छरदाणी फाडली आणि खोळ्याच्या आतून तिला टाके घातले. नवव्या दिवशी बोट भरून आली. मग काय, गल्लीभर वाहवा! बायका शिकायला आल्या आणि मावशींनी हातचं काही न राखता चौदा जणींना शिकवलं. कुणाकडून काही घेतलं नाही. आपण चार घरांच्या चुली पेटवतोय, याचाच त्यांना आनंद होता. वाईट काम चांगल्या मनाने केलं की ते किती झपाट्याने पसरतं, याचा त्यांना तेव्हा पत्ता नव्हता.

एवढ्यात सून धक्क्यावरून आली. ती तिथे मासे निवडायचं काम करायची. ओंजळीत काहीतरी घेऊन ती मावशींसमोर वाकली.

"आई, जरा बघा ना हे. आठ वर्षं मासे निवडतेय, पण हा काही मला ओळखता येईना. कुठल्या टोपलीत टाकू?"

मासे बोटभरही नव्हते. प्रत्येकाच्या कल्ल्यामागे मोहरीएवढा काळा ठिपका होता.

मावशींची सुई थांबली. "काय माहीत बाई," त्या म्हणाल्या. "टाक भुकटीच्या टोपलीत."

"बहुतेक टोपल्या भुकटीच्याच आहेत हो आज. माणसाच्या ताटात वाढावं असं दोन टोपल्याही निघालं नाही." सून पदराला हात पुसत निघून गेली.

भुकटी म्हणजे कारखान्यात वाळवून दळलेली मासळी. तिचं कोंबड्यांना खाद्य होतं. आपल्याला अंडं स्वस्त मिळतं, आपणही कधी विचारत नाही.

मावशी खोटं बोलल्या होत्या. तो ठिपका त्यांनी पाहताक्षणी ओळखला होता. त्यांच्या घरात त्याला खांद्यावरचा मासा म्हणत, कारण नवरा तो टोपलीत न घालता खांद्यावर टाकून आणायचा. पूर्ण वाढलेला तो मासा सुनेने कधी पाहिलाच नव्हता, मग ओळखणार कशी? आणि त्याची पिल्लं मात्र रोज टोपल्या भरभरून कारखान्यात जात होती, ती आपल्याच टाक्यांनी अडवलेली. दोष द्यायला आजूबाजूला दुसरं कुणी सापडेना.

त्या उठून आत गेल्या. कपाट डुगडुगू नये म्हणून त्याच्या एका पायाखाली एक लाकडी पट्टी सरकवलेली होती. नवऱ्याची पट्टी. जाळं विणताना सगळी भोकं सारखी यावीत म्हणून तिच्यावर दोरा घ्यायचा. चांगली चार बोटं रुंद होती, म्हणजे भोकंही तेवढीच मोठी. मावशींनी ती ओढून काढली, तसं कपाट कलंडलं आणि आतली भांडी खणखणली. तिकडे लक्ष न देता त्या पडवीत आल्या आणि कात्री घेऊन बसल्या.

दुपारी मुलगा आला तेव्हा अर्धं अस्तर सुटं होऊन पडलं होतं.

"अगं आई, हे काय? शिवायचं सोडून उसवत बसलीस?"

"हो, उसवतेय. बस जरा."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? बिनअस्तराचं जाळं घेऊन जाऊ? बाकीचे बारकं-सारकं ओरबाडणार आणि मी एकट्यानेच साधू व्हायचं?"

"बाबा खांद्यावर मासा टाकून आणायचे, आठवतं?"

"आठवतं की. शेपूट त्यांच्या कमरेखाली लोंबायचं. संपला तो मासा. आता अस्तर काढून काय उपयोग?"

"संपला नाही. तुझ्या बायकोने आज ओंजळभर आणला होता. मी ओळखला, आणि ओळख दाखवली नाही. लाज वाटली रे."

मुलाने सुटलेलं अस्तर पायाने बाजूला सारलं. मग म्हणाला, "मी सोडला तरी तो दुसऱ्याच्या अस्तरात जाणार, आई. मग मी सोडून काय मिळवलं?"

"खरं आहे तुझं. म्हणून तर एकट्या तुझ्या जाळ्याचं बोलत नाहीये मी. चौदा जणींना मी शिकवलं, चौदाही दारांत जाणार आहे."

"शिव्या घालतील लोक. पोटावर पाय देतेस म्हणतील."

"घालू देत. तेवढ्या तरी माझ्या हक्काच्या आहेत."

त्याला पटलं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. शेवटचा टाका सुटेपर्यंत तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग जाळं खांद्यावर टाकून धक्क्याकडे चालू लागला. अस्तर त्याने तिथेच राहू दिलं.

मावशी पट्टी आणि कात्री घेऊन निघाल्या. पहिलं घर त्यांच्या दारापासून तिसरं. तिथल्या बाईला सगळे लगबग म्हणत. अस्तर शिकायला सर्वांत आधी धावत आली होती ती हीच. आताही ती जाळ्यावरच बसली होती.

"या या मावशी!" ती खुलून म्हणाली. "शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ताच तुमच्याकडे यायला निघत होते. हल्ली अस्तरातूनही बारकं निसटतंय. आणखी बारीक कसं करायचं तेवढं दाखवा की. तुमचंच बघून शिकलो ना आम्ही सगळ्या!"

तिने सुई पुढे केली. मावशींना घरी पाठ करून आणलेलं एकही वाक्य आठवेना. कुणी शिवी दिली असती तर सोसली असती, पण हे कौतुक सोसेना. डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

"सुई ठेव ती," त्या म्हणाल्या. "आज उसवायला शिकवते."

लगबग हसली. तिला थट्टाच वाटली. मावशींनी चार बोटांची पट्टी तिच्या मांडीवर ठेवली, तिचं जाळं आपल्याकडे ओढलं आणि पहिला टाका स्वतः कापला. हसणं थांबलं.