घोडेवाली गाडी

लियाकत मिस्त्रीनं घोडेवाली विकायला काढली त्याला चार महिने झाले होते. गिऱ्हाइकं येत, गाडीभोवती दोन चकरा मारत, लियाकतशी बोलत आणि निघून जात.

गाडी अमेरिकेची, मस्टँग. पुढच्या जाळीवर धावता घोडा, म्हणून चंद्रपुरात सगळे तिला घोडेवालीच म्हणत. एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला अमेरिकन इंजिनियर जाताना ती आलापल्लीच्या लाकूड ठेकेदाराला विकून गेला होता. पुढं ठेकेदार वारला आणि गाडी सागाच्या थप्पीमागं पडून राहिली. वाळवीनं सीटा खाल्ल्या, पत्रा बोटानं दाबला तरी भुगा व्हायचा. १९७८ साली लियाकत आणि त्याचा जोडीदार सोमाजी खोब्रागडे यांनी ती ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. लियाकत इंजिनचा माणूस, सोमाजी पत्र्याचा आणि रंगाचा. आठवडाभर लोकांचे ट्रक दुरुस्त करायचे आणि रविवारी हिच्यावर राबायचं, अशी सात वर्षं गेली.

शेवटचं वर्ष रंगाचं. शेडला चारी बाजूंनी ताडपत्री बांधून, तोंडाला ओला दुपट्टा गुंडाळून सोमाजी आत फवारा मारायचा. निळ्या रंगाचे बारा हात दिले त्यानं. प्रत्येक हातानंतर पाणी मारून घासायचं, वाळू द्यायचं आणि पुन्हा आत शिरायचं. दहाव्या हाताला खोकला लागला. बाराव्यानंतर तो जिना चढू शकेना. वीस वर्षांचा रंग छातीत बसला आहे, असं डॉक्टर म्हणाले. पोळ्याच्या आधी सोमाजी गेला.

त्याची बायको कांता वीस वर्षांचा हिशेब मानत नव्हती. तिच्या लेखी नवऱ्याला खाल्लं ते याच गाडीनं. दिवस झाल्यावर ती लियाकतकडे आली आणि म्हणाली, "विकून टाका, भाऊ. मले ते डोळ्यापुढं नाई पायजे."

लियाकत हो म्हणाला. तेव्हापासून दर आठवड्याला बाजार करून परतताना ती शेडवर यायची. "गेली का?" एवढंच विचारायची. लियाकत मान हलवायचा, तिला स्टूल द्यायचा, चहा मागवायचा. मग बोलता बोलता सोमाजीचं काहीतरी निघायचं. मार्कंड्याच्या जत्रेत त्यानं एका मारवाड्याची जीप कशी सुरू करून दिली, हे लियाकतनं दोनदा सांगितलं. कांता दोन्ही वेळा ऐकत बसली.

एका गुरुवारी मात्र ती स्टुलावर बसली नाही. बल्लारपूरहून जे गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याचा झाडू नावाचा ड्रायव्हर तिच्याच वस्तीतला होता, त्यानं तिला सगळं सांगितलं होतं.

"चेसिसले तडा हाय म्हून सांगतलं तुम्ही त्याले?"

लियाकत पाना पुसत राहिला.

"आन् त्याच्या आधीच्याले गिअरबॉक्स गेला म्हून. काऊन सांगून राह्यले असं?"

"भाभी, ते लोक गाडी समजत नाहीत. खराब करतील."

"खराब व्हाचं ते होऊन गेलं, भाऊ."

लियाकतनं पाना खाली ठेवला. रविवारी वरोऱ्याचे गुणवंतराव गाडी पाहायला येणार आहेत, हे मात्र त्यानं लपवलं नाही.

रविवारी कांता सकाळीच येऊन शेडच्या दाराशी उभी राहिली. गुणवंतरावांची वरोऱ्याला कापसाची जिनिंग होती. ते गाडीत बसले, स्टिअरिंग डावीकडं पाहून हसले. लियाकतनं खिडकीतून हात घालून चावी फिरवली. आठ सिलिंडरचा आवाज पत्र्यांतून घुमला, रस्त्यावरची माणसं थांबून पाहू लागली.

"काही खोट आहे का हिच्यात?" गुणवंतरावांनी विचारलं.

लियाकतनं बॉनेटवर हात ठेवला. "साहेब, तसं पाहिलं तर हिचा…"

"कायची खोट नाई," कांता दारातून म्हणाली. "माह्या मालकानं पत्रा केला हाय. भाऊनं इंजिन केलं. बरोबर चालते."

गुणवंतरावांनी तिच्याकडं, मग लियाकतकडं पाहिलं. लियाकतनं बॉनेटवरचा हात काढला. "हो. बरोबर चालते," तो म्हणाला.

"मग झालं. पोराचं लग्न आहे फाल्गुनात. पांढरी करून घेऊ, वरातीला शोभेल. पेट्रोल फार पिते म्हणतात, डिझेल इंजिन टाकू पुढंमागं."

कांताचा हात दाराच्या चौकटीवर होता, तो तिनं खाली घेतला. लियाकतला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "करा. तुमचीच हाय आता."

त्याच दुपारी लियाकतनं गाडी वरोऱ्याला पोचवली आणि एसटीनं परत आला. दुसऱ्या दिवशी कांताचा वाटा द्यायला तो तिच्या घरी गेला. दारात ट्रंक बांधलेली होती. तिचा भाऊ पत्रू सिंदेवाहीहून आला होता, दोरीला गाठ मारत होता.

"निघाली का भाभी?"

"भावाकडं चालली. पोरगी बी तिथंच शिकन." तिनं पैसे न मोजता पदरात बांधले. "तुमच्यासाठीच थांबली होती, गाडीचं होतपर्यंत."

लियाकत ओट्यावर बसला. तिनं चहा दिला. सोमाजीचं काहीतरी सांगावं म्हणून तो म्हणाला, "एकदा आम्ही सिरोंच्याला गेलो होतो, गोदावरीत फेरीबोटीवर ट्रक…"

"आता नका सांगू, भाऊ," कांता म्हणाली. तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. कप विसळून तिनं ट्रंकेवरच्या पिशवीत टाकला.

मोकळ्या शेडमध्ये लियाकतनं दुसऱ्या दिवशी क्लचसाठी आलेली अँबेसेडर उभी केली. रविवारी शेड बंद ठेवू लागला. घरी बसून काय करावं ते त्याला सुचत नसे. खुर्शीदा, त्याची बायको, म्हणायची, झोपा तरी जरा.

पुढच्या उन्हाळ्यात बंद पडलेल्या एका ट्रकसाठी त्याला सिंदेवाहीला जावं लागलं. काम दुपारीच आटोपलं. स्टँडवर त्यानं चहा घेतला, एक गाडी सोडली, दुसरी सोडली. हॉटेलवाल्याला पत्रूचं घर नक्की माहीत असणार. त्यानं विचारलं नाही. चंद्रपूरची तिसरी गाडी लागली तेव्हा तो उठून तीत बसला.