झाकलेली ओळ

पावसाळाभर लोणावळ्याची ओल प्यालेली पुस्तकं बाबा दिवाळीनंतर उन्हात मांडत. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी त्यांनी शुभदाला गॅलरीत हाक मारली. त्यांच्या मांडीवर लघुचित्रांचा एक दुर्मीळ कॅटलॉग होता. एका संग्राहकाने आपल्या संग्रहातल्या चित्रांच्या या कॅटलॉगच्या मोजक्याच प्रती छापल्या होत्या आणि त्यातले फोटो बाबांनी काढले होते. चित्राखालची ओळ तळहाताने झाकून ते म्हणाले, "ओळखा बाईसाहेब, शैली कुठली?"

"कांगडा?"

"अगं, एवढाले डोळे कांगड्यात असतात का? बसोली! पाचूच्या जागी भुंगेऱ्याचे पंख चिकटवलेत, बघ. इतकी पुस्तकं वाचतेस, पण चित्रांत ढ ती ढच!"

बाबा खुशीत हसले. उत्तर ठाऊक असूनही शुभदा कॉलेजपासून मुद्दाम चुकत आली होती, ती या हसण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

यंदा पुस्तकं तिनेच उन्हात मांडली. कॅटलॉगमधलं तेच पान काढून तिने चित्राखालच्या ओळीवर हात ठेवला. बराच वेळ ती त्या मोठ्या डोळ्यांकडे पाहत राहिली.

"बसोली, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "मला सगळी ओळखता यायची. तुम्ही सांगत राहावं, एवढंच वाटायचं."