न प्यायलेलं पन्हं

टाउनशिपच्या त्या लाइनीत एकामागून एक बायका काविळीनं आडव्या झाल्या आणि कमलिनी मात्र ठणठणीत! म्हणून तर दवाखान्यातल्या सुचेता सिस्टर तिच्या दारात येऊन बसल्या होत्या. साथ कुठून आली, हे शोधायचं काम त्यांच्याकडे होतं.

"मनोरमाबाईंकडे चैत्राच्या हळदीकुंकवाला सगळ्याच गेल्या होत्या. पन्हं तुम्हीही प्यायलात ना?"

आता काय सांगायचं? नवरा, दिगंबर, होता तोवर दरवर्षी पातेलंभर पन्हं कमलिनीच करून द्यायची, तिच्या माठातल्या पाण्याचं. तो गेला आणि बोलावणं थांबलं. वाकडं कुणी बोललं नाही हो! यंदा मनोरमाची लेक आमंत्रण करत शेजारच्या दारापर्यंत आली आणि हिचं दार सोडून पुढे गेली, एवढंच. त्या संध्याकाळी पडद्याआड उभी राहून ती बायकांचं हसणं ऐकत होती. जीव नुसता तुटत होता. परक्या बाईपुढे हे कसं उघडं करायचं?

"प्यायले की," ती बोलून गेली. "चांगले दोन पेले."

सिस्टरांचा चेहरा पडला. "मग झालं! मला त्यातल्या बर्फाचाच संशय होता. नळ तर सगळ्यांचा एकच. पन्हं न प्यायलेली कुणी तुमच्या लाइनीत सापडली असती, तर डॉक्टरसाहेबांना पटवता आलं असतं. तोच बर्फवाला शाळेसमोर गोळे विकतोय आणि पोरं मजेत चोखतायत." त्या पिशवी उचलून निघाल्या.

कमलिनीनं त्यांना फाटकापर्यंत जाऊ दिलं. पोरं डोळ्यांपुढून हटेनात.

"सिस्टर, थांबा! खोटं बोलले मी." ती घाईनं बाहेर आली. "पन्हं प्यायलेच नाही. मला बोलावलंच नव्हतं."

सिस्टर परत वळल्या. पहिल्यांदा आनंदल्या, मग तिच्या मोकळ्या कपाळाकडे नजर गेली तशा ओशाळल्या. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, "देवानंच वाचवलं म्हणायचं तुम्हाला, कमलिनीताई."

"कसलं डोंबलाचं वाचवलं!" कमलिनीनं पदरानं डोळे पुसले. "पडले असते की मीही अंथरुणाला, सगळ्यांच्या बरोबरीनं. चाललं असतं मला."