नको तेव्हा वाजलेली घंटा

मी एक जुना लाकडी बोर्ड आहे, मित्रांनो, आणि आजही कुणी माझ्याकडे निरखून पाहिलं की मला तोंड लपवावंसं वाटतं.

न्यूझीलंडमधल्या आमच्या लहानशा गावात, सभागृहाच्या दाराशी मी उभा असतो. मर्डो नावाच्या शेतकऱ्याने मला आपल्या गोठ्याच्या जुन्या फळ्यांतून घडवलं. पोटावर लाल पट्टी, तिला दोरी, डोक्यावर घंटा. शाळेच्या पोहण्याच्या तलावासाठी वर्गणी जमू लागली, तशी पट्टी वर चढली. टोकाला पोचताच घंटा आपोआप वाजली. लोकांनी टाळ्या पिटल्या, सभागृहाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ऑर्लाबाईंनी केक वाटला. पुढे दर वेळी तेच. घंटा, टाळ्या, केक. काय तोरा होता माझा!

मग गुरांमध्ये रोग शिरला. तो पसरू नये म्हणून लागण झालेले कळपच्या कळप मारायचं सरकारने ठरवलं. त्या कामावर शहरातून ग्रेंजरसाहेब आले आणि मला पाहून हरखले. "वा! काम किती पुढे गेलं, ते लोकांना रोज दिसेल!"

इकडे एक गोठा रिकामा झाला, की तिकडे माझी पट्टी वर.

शेवटचा कळप मर्डोचा होता. सकाळी त्याच्या गाई गेल्या. दुपारी साहेब कॅमेरा घेऊन हजर. पाठोपाठ मर्डो आला.

"साहेब, वीतभर सोडा. पार वर नेऊ नका."

"अहो, वीतभर राहिली तर वरचे विचारतील, कुणाची गाय लपवलीत?"

"विचारू देत की! पण वर ती घंटा—"

साहेबांनी दोरी ओढलीसुद्धा.

मी वाजलो. चांगला खणखणीत वाजलो! सवयीने पोरांनी टाळ्या पिटल्या. ऑर्लाबाई केकचं ताट घेऊन धावत बाहेर आल्या. "काय रे, काय पूर्ण झालं?"

मग त्यांना मर्डो दिसला.

"अगं बाई! मर्डो, मला काय ठाऊक..."

"आण इकडे," मर्डो म्हणाला. "घंटा मीच बसवली होती." त्याने एक तुकडा उचलला. खाल्ला मात्र नाही, नुसता धरून उभा राहिला.

"फोटो हलला," साहेब पुटपुटले. "पुन्हा एकदा ओढू का?"

"आधी ती दोरी सोडा!" ऑर्लाबाई कडाडल्या.

रोग आटोक्यात आला, हे खरं. मर्डोच्या गोठ्यात आता नव्या कालवडी आहेत. मित्रांनो, माझ्यावर खुशाल काहीही मोजा. फक्त दोरी ओढण्याआधी, कुणाचं काय गेलंय ते विचारा. मला विचारता येत नाही. म्हणून मर्डोने माझ्या घंटेत आपला जुना लोकरी मोजा कोंबलाय. तो कुणी काढू नका.