सारवलेलं सूप

"हे काऊन केलंस, बाई?"

जागेश्वरने सूप उचललं, तसं ओलं शेण त्याच्या बोटांना लागलं. त्याची मोठी बहीण शामकला अंगणात हात धूत होती. तिला वाटलं, भाऊ गंमत करतोय.

"काऊन म्हनजे? तू मुंबईहून सुपाचं चित्र काढाले आला. फटी पडलेलं सूप काढशील काय? लोक म्हनतीन, आपल्या अर्जुनी गावाकडं धड सूपही नाही कोनाच्या घरी."

"मले तसंच पायजे होतं."

"मंग तसं सांगाचं आधी."

सूप मायचं होतं. मागच्या पौषात ती गेली तेव्हा जागेश्वर मुंबईत होता. तो गावी पोचला तोवर राख थंड झाली होती. एकेकाळी गावोगावच्या दंडारीच्या खेळांचे पडदे रंगवणारा हा माणूस आता एका सिनेमा कंपनीत चित्रं काढत असे. बोलपटाआधी दाखवायचा, हाताने काढलेल्या चित्रांचा छोटा सिनेमा तयार होत होता. घरधनीण बाहेर जाते आणि घरातल्या वस्तू आपापली कामं करू लागतात, एवढीच गोष्ट. माणूस कुठेही दाखवायचा नव्हता. साहेबांनी प्रत्येकाला एकेक वस्तू नीट पाहून यायला सांगितलं, तेव्हा सूप त्याने मागून घेतलं. सिनेमात ते माय पाखडायची तसं पाखडणार होतं. पण तिचे हात आठवायला बसलं की नुसता सुपाचा आवाज आठवे. सुपाच्या कडांना तिच्या अंगठ्यांनी झिजलेल्या दोन जागा होत्या. त्यांवरून पकड कळेल, पकडीवरून हात कळतील, असं धरून तो आला होता. त्या जागा आता शेण आणि भिजल्या कागदाच्या लगद्याखाली गेल्या होत्या.

"घासलं तं निघन का?" शामकलाने विचारलं. तिचाही आवाज उतरला होता.

"राहू दे."

दुपारी सूप वाळलं. शामकला ओसरीत तांदूळ पाखडायला बसली, जागेश्वर समोर कागद घेऊन.

"मायसारखं पाखड."

"माय कशी पाखडे, मले का मालूम? मी खडे पाहो का तिचे हात पाहो? आन असा टक लावू नोको. नवरी पाहाले आल्यावानी पाहून राह्यला."

तो हसला आणि काढत राहिला. सूप वर गेलं, एक चित्र; दाणे उडाले, दुसरं; कोंडा पुढे सरला, आणखी एक. फक्त सूप, हात नाहीत. उन्हं कलली तेव्हा त्याने कागद एकावर एक जुळवले आणि त्यांच्या कडा अंगठ्याखालून भरभर सोडल्या. कागदावर सूप आपलं आपण पाखडू लागलं.

शामकला हातातलं काम टाकून पाहत राहिली.

"आनखी एकडाव कर."

त्याने केलं.

"हे तं मी होय," ती म्हणाली. "माय नोहे. मायचं मधातच थांबे."

"थांबे?"

तिने गठ्ठा त्याच्याकडून घेतला, एकेक कागद उलटत गेली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. त्यात सूप खाली कललेलं होतं. "इथं. गुडघ्यावर टेकवे आन बांगड्या मागं सारे. शेवटल्या साली हाताच्या काड्या झाल्या होत्या तिच्या. बांगड्या घसरून पंजावर येत."

जागेश्वरला ठाऊक होते ते मायचे भरलेले, गोंदलेले हात.

"मले काऊन नाही कळवलं?"

"तिनंच नोको म्हनलं."

"मंग बारक्या मापाच्या भराच्या होत्या."

"म्हनलं ना मी. म्हने, जागूनं मुंबईहून आनल्या, ह्याच राहू दे."

अंगणात उजेड होता तोवर त्याने ते खाली कललेलं सूप नव्या कागदावर उतरवलं, जसंच्या तसं. मग आणखी एका कागदावर. मग आणखी एका.

"एकच चित्र कितीदा काढतोस?" शामकलाने विचारलं.

"बांगड्या मागं साराले वेळ लागन ना तिले," तो म्हणाला, आणि पुढचा कागद घेतला.