पाठ असलेला नंबर

"अरे, उचल ते हेल्मेट! फोन हाय तो, फळी न्हाय!"

हिरामण असा काही खेकसला की मोटारसायकलवाला हेल्मेट घेऊन पळालाच. भिवंडीच्या एसटी स्टँडासमोरच्या त्या पिवळ्या फोन-बूथची लोकांनी पार धर्मशाळा करून टाकली होती. कुणी पिशव्या ठेवायचं, कुणी सुट्टे मागायचं, कुणी पडघ्याची गाडी कधी सुटते ते विचारायचं. फोन करायला एक माणूस येईल तर शपथ! पोलिओच्या पायामुळं हिरामणला हा बूथ मिळाला, तेव्हा पॉवरलूमवाल्या मजुरांची इथं रांग लागायची. आता तेच लोक बूथला पाठ टेकून मोबाइलवर बोलायचे. वर त्यालाच म्हणायचे, "चाचा, जरा धीरे बोलो."

स्टुलावर धनेश लाइनमन तिसरा चहा घेऊन बसला होता. पक्कड मांडीवर.

"काका, टेलिफोनच्या जुन्या लायनी बंद करायच्यात. आता काढतो हां वायर. आख्ख्या रस्त्यात तुमची एकट्याचीच उरलीय."

"चहा पी."

"चहानं पोट फुटंल माझं! साहेब ओरडतोय तिकडं."

"ओरडू दे. तुझ्या साहेबाला म्हणावं, हिरामण न्हाय म्हणतोय."

धनेशनं कपाळाला हात लावला. पण हिरामणचं कारण रस्त्यापलीकडं भाजीची पाटी घेऊन बसलं होतं. हौसा. तिच्या तुळजानं पळून जाऊन पडघ्याला लग्न केलं, तेव्हा बापानं, लूमवरच्या लडकूनं, "हे दार तुला बंद" म्हणून सांगितलं होतं. तरी पोरगी आईला चोरून फोन करायची. मग नवऱ्यानं तिचा मोबाइल जमिनीवर आपटला, आणि होळीपासून तिचा आवाज नाही. हौसा एकदा जाऊन आली, तर जावयानं तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. आईचा मोबाइल नंबर तुळजाला थोडाच पाठ होता? हल्ली कुणाला कुणाचा असतो?

बूथचा मात्र होता. आयांसोबत फोनला आलेल्या गल्लीतल्या प्रत्येक पोराकडून हिरामण तो घोकून घ्यायचा. "हरवलात तर काय सांगाल? म्हणा, पंचवीस, त्रेचाळीस..." नंबर म्हटल्याशिवाय लिमलेटची गोळी नाही. पोरं वैतागायची, आया हसायच्या. तुळजा तर झोपेतही म्हणायची.

म्हणून हौसा रोज रस्त्यापलीकडून विचारायची, "आला का वो भाऊ?"

"आला तर सांगीन ना! दिवसातून कितींदा विचारता?" हिरामण डाफरायचा. आणि मग लाइन चालू आहे का ते बघायला स्वतःच रिसिव्हर उचलून कानाला लावायचा.

शेवटी धनेश उठला. भिंतीवरची डबी उघडून त्यानं वायर बोटात धरली. "माफ करा काका. माझी नोकरी जायची."

हिरामणनं तोंड फिरवलं. पोराच्या नोकरीवर गदा नको.

आणि फोन वाजला.

हिरामणनं झडप घातली.

"काका, मी तुळजा. पडघ्याच्या नाक्यावर हाय, पोरीला घेऊन निघालेय. एका बाईंचा मोबाइल मागून घेतलाय. आई हाय का?"

हिरामणनं पाहिलं. पाटी होती, हौसा नव्हती.

"फोन ठेवू नको! ठेवशील तर बघ! हौसावयनी!" तो ओरडला. हॉर्नच्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार? मग तो धनेशवरच उखडला. "बघतोस काय माझ्या तोंडाकडं? नळावर गेली असंल ती. पळ!"

वायर कापायला आलेला धनेश हातात पक्कड घेऊन तसाच रस्ता ओलांडत धावला.

हौसा आली ती ओल्या हातांनी. रिसिव्हर तिनं उलटाच धरला, हिरामणनं तो सुलटा करून दिला. पलीकडचं बोलणं त्याला ऐकू आलं नाही. हौसाचंच आलं.

"येऊ का म्हणून काय विचारतेस? ये... बापाचं मी बघते. त्याला राहायचं असंल तर राहील, न्हायतर जाईल लूमवर झोपायला. तू ये."

बोलणं संपलं. मग हिरामणच धनेशला म्हणाला, "काप आता. चहा न्हाय मिळायचा." धनेशनं मान खाली घालून वायर कापली.

ऊन उतरल्यावर पडघ्याची गाडी लागली. तुळजा उतरली, कडेवर लहानगी करिष्मा. डोळ्याखालचं काळंनिळं तिनं पदरानं झाकलं होतं. हौसानं तो पदर बाजूला केला, बघितलं, आणि पोरीला उराशी धरून भर रस्त्यात मोठ्यानं रडली.

हिरामणला रडारड सोसत नसे. "पुरे झालं! आधी ह्या बारकीकडून आजीचा नंबर पाठ करून घ्या. सांगा वो वयनी, मोबाइलचा नंबर काय तुमचा?"

"मला काय ठावं? मी मला कशाला फोन करते?"

"धन्य हाय तुमची! स्वतःचा नंबर ठाऊक न्हाय? आणा हिकडं तो मोबाइल."

पण करिष्माला शिकवायला तुळजा पुढं झाली होती. सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "म्हण बाळा, पंचवीस, त्रेचाळीस..." आणि ती थबकली.

हिरामण ओरडणारच होता, की अगं, मेला तो नंबर. त्यानं तोंड उघडलं, आणि उरलेले आकडे त्यानंच पुरे केले.