काकडीचं टोक

मला बघायला येणारी ती सहावी मंडळी. पहिल्या स्थळाच्या आदल्या रात्री मला झोप आली नव्हती. दुसऱ्या वेळी आली. पाचव्या वेळेपर्यंत मला बघायला येणारे लोक आणि गल्लीत येणारा कल्हईवाला यांत मला फारसा फरक वाटेनासा झाला. येतात, बसतात, खातात, 'कळवतो' म्हणतात आणि जातात. 'कळवतो'चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना पाठ झाला होता. सगळ्यांना म्हणजे अप्पांना आणि मला. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि तिसरं कुणी घरात नव्हतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, तुळजापूरला तहसिलीत कारकून होते. निझामाच्या राज्यात त्यांनी उर्दूत दफ्तर लिहिलं, पोलीस ॲक्शननंतर मराठीत लिहायला लागले. लिपी बदलली, माणूस तोच राहिला. जे असेल ते लिहायचं आणि जे असेल ते बोलायचं. माझं घोडं तिथंच पेंड खायचं. लग्नाच्या मुलीचं वय दोन वर्षांनी कमी सांगतात हे साऱ्या जगाला ठाऊक असतं, ऐकणाराही मनातल्या मनात दोन मिळवून घेतो. अप्पा सांगायचे, "आषाढात पंचविसावं लागलं." समोरचा त्यात दोन मिळवायचा आणि मला सत्तावीस वर्षांची करून टाकायचा. एवढ्यानं भागायचं नाही, कुणी न विचारता पुढचंही सांगायचे. "थंडीत हिला दम लागतो. तीन महिने जरा जपावं लागतं." मग मंडळी उपरण्याची टोकं चाचपत उठायची.

सुरुवातीला मला अप्पांचा राग यायचा. पुढं रागही यायचा थांबला. भात शिजला की उतरवायचा, दिवस गेला की कंदील पुसायचा, एवढंच उरलं होतं. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, शामला किती शांत झालीय. मी शांत नव्हते. मला काही वाटतच नव्हतं.

अप्पांच्या खरेपणाचा आमच्या स्वयंपाकघरात मात्र एक उपयोग होता. काकडी आणली की आई तिचं टोक कापायची, तेच टोक कापल्या जागी गोल गोल घासून पांढरा फेस काढायची आणि मग एक पातळ चकती अप्पांच्या हातावर ठेवायची. अप्पा हातातला कागद खाली ठेवून ती नीट चावायचे. जबडा हलायचा, थांबायचा, मग निकाल. "गोड." किंवा "कडू. टाक." एकदा घरात पाहुणे जेवायला बसलेले, काकडी तेवढी एकच, तेव्हा आई हळूच म्हणाली होती, "बरी आहे म्हणा की." अप्पा म्हणाले, "कडू ती कडू." आईनं ती गाईला घातली. आई गेल्यावर चकती मी द्यायला लागले. काही काही दिवशी आमचं दिवसभराचं बोलणं तेवढंच असायचं.

सहावं स्थळ मुरुमच्या शाळेतल्या मास्तरांचं. नाव मार्तंड. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलतीनं वाढवलं होतं, आणि त्या चुलतीचं, चंद्रप्रभाकाकूंचं, पत्र आलं होतं. मुलगी पसंत पडेपर्यंत तिच्या घरी जेवू नये अशी रीत. पण काकूंनी लिहिलं होतं, 'पोहे काय, शेजारीणसुद्धा करून देते. आम्ही मंगळवारी देवीच्या दर्शनाला येतच आहोत. मुलीनं एकटीनं स्वयंपाक करावा. मी जेवूनच काय ते ठरवीन.'

पत्र आल्यापासून अप्पा जरा निराळेच वागत होते. सोमवारी रात्री त्यांनी स्वतः अंगण झाडलं. मला म्हणाले, "माणूस बरा आहे म्हणतात. पान-तंबाखू नाही." मी हं म्हटलं. थोड्या वेळानं म्हणाले, "दोन वर्षांत माझी पेन्शन होईल, शामे. मी काय कायमचा पुरणार आहे?" मी त्यालाही हंच म्हटलं.

मंगळवारी सकाळी अणदूरच्या गिरिजाबाई भाजीची पाटी घेऊन आल्या. त्यांचं शेत तिकडचं, बुधवारच्या कोशिंबिरीला म्हणून मी त्यांच्याकडून चार काकड्या घेतल्या.

"शामाक्का, चाखून बघ की," त्या म्हणाल्या. "औंदा पावसानं लई ताण दिलाय. येखांदी कडू निघती."

"आज नाही. आज देवाचा दिवस आहे, नैवेद्याआधी तोंडात काही घालायचं नाही. उद्या बघीन."

"उद्या तर उद्या," म्हणत त्यांनी पाटी उचलली.

आमच्याकडं मंगळवारी आणि शुक्रवारी काकडी होतच नसे, ती याचसाठी. नैवेद्याचं अन्न चाखायचं नाही, आणि काकडी चाखल्याशिवाय करायची नाही. दोन्ही नियम आईचे. दोघांची गाठ पडू नये म्हणून तिनं वार वाटून दिले होते.

दहाच्या सुमाराला मंडळी दर्शन करून आली. मार्तंड ओसरीवर अप्पांसमोर बसला. काकू कपाळावरचं कुंकू न पुसता थेट आत आल्या आणि उंबऱ्यापाशी पाट ओढून बसल्या. बाई धिप्पाड, नजर तव्यावरून डब्यांवर, डब्यांवरून माझ्या हातांवर. माझं वरण झालं होतं, भाजी झाली होती, कोशिंबिरीसाठी मी गाजरं काढली होती. काकूंचं लक्ष कोपऱ्यातल्या टोपलीकडं गेलं.

"काकडी चोचवता येते?"

"येते."

"मग गाजरं ठेव. काकडी चोचव. किसतं कुणीही. चोचवलेल्या काकडीवरून बाईचा हात कळतो."

"काकू, आज मंगळवार आहे. चाखता यायची नाही."

"नैवेद्याचं चाखायचं असतं होय?" त्या म्हणाल्या. "हात चालव."

मी हात चालवला. तीन काकड्या धुतल्या, टोकं कापली, घासली. पहिलीला फेस आला आणि थांबला. दुसरीचंही तसंच. तिसरीचा फेस थांबेना. मी टोक फिरवत राहिले, फेस बोटांवर आला.

"पुरे आता," काकू म्हणाल्या.

मला शंका आली. शंका आली तेवढंच. मी सालं काढली. एकेक काकडी डाव्या तळव्यावर आडवी धरून सुरीचे उभे घाव घालत गेले, टच टच टच, बोट वाचवून, आणि मग वरचा थर पातळ कापून परातीत पाडला. काकडी फिरवायची, पुन्हा घाव, पुन्हा थर. बारीक, मोहरीपेक्षा थोडे मोठे कण पडतात. आईनं मला हे दहाव्या वर्षी शिकवलं होतं. पूर्वी चोचवताना मला तिच्या बांगड्यांचा आवाज आठवायचा. त्या दिवशी आठवला नाही. तिन्ही काकड्या एकत्र झाल्या, कडू गोडात मिसळली. दाण्याचं कूट, दही, हिरवी मिरची, वरून जिऱ्याहिंगाची फोडणी. मीठ आणि साखर अंदाजानं.

अप्पांनी नैवेद्य दाखवला आणि पानं मांडली. मार्तंड, शेजारी अप्पा, आणि भिंतीकडेला काकू. मी वाढत होते. मी त्या माणसाकडं बघितलं नाही असं नाही, पण काय बघितलं ते सांगता येणार नाही. चष्मा होता. खडूचा पांढरा डाग बाहीला होता.

काकूंनी कोशिंबिरीचा पहिला घास घेतला आणि त्यांचा हात पानावरच राहिला.

"काकडी कडू आहे की काय हो?"

त्यांनी अप्पांना विचारलं. अप्पांचाही घास तोंडात गेला होता. त्यांचा जबडा हलला आणि थांबला. ते थांबणं मी जन्मभर बघत आले होते. त्यापुढं काय येतं ते मला पाठ होतं, आणि वरणाची वाटी हातात धरून मी त्या दोन शब्दांची वाट बघत उभी राहिले.

अप्पांनी घास गिळला. "छे," ते म्हणाले. "गोड आहे."

आणि त्यांनी दुसरा घास घेतला.

काकूंनी पुतण्याला विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "चालतंय." त्याचं पान तोवर निम्मं साफ झालं होतं. तो भला होता की त्यालाही माझ्यासारखंच काही वाटेनासं झालं होतं, हे मला अजून माहीत नाही.

"माझ्याच तोंडाला चव नसेल मग," काकू म्हणाल्या. "मोटारीत फार हादरे बसले. हात चांगला आहे मुलीचा. वय काय म्हणालात?"

"बाविसावं," अप्पा म्हणाले.

"आणि दुखणंखुपणं काही?"

"काही नाही. तबियत ठणठणीत." अप्पा हे पानाकडं बघून म्हणाले. मग डावा हात पुढं करून कोशिंबिरीच्या जागेवर बोट ठेवलं. "शामे, वाढ अजून. छान झालीय."

पन्नाशी उलटलेला माणूस, आयुष्यात एका काकडीबद्दलसुद्धा खोटं न बोललेला, आणि आता कडू घास गिळून आणखी मागत होता. माझ्यासाठी. मला घरातून चांगल्या ठिकाणी पाठवण्यासाठी, आणि मग याच पाटावर एकट्यानं जेवण्यासाठी. माझ्या छातीत काहीतरी जोरात दुखलं. थंडीतला दम नव्हता तो, श्रावण होता. इतक्या महिन्यांनी काही वाटलं आणि ते असं वाटलं की भिंतीला हात लावावा लागला.

"नाही वाढत, अप्पा," मी म्हटलं. "कडू आहे."

काकूंनी माझ्याकडं मान वळवली.

"तिसरी काकडी कडू निघाली असणार. मंगळवार म्हणून चाखली नाही. आणि काकू, मला पंचविसावं लागलंय. थंडीत मला दम लागतो. तीन महिने जरा जपावं लागतं."

शेवटचं वाक्य मी अप्पांचंच, जसंच्या तसं म्हटलं. माझ्या लक्षात ते बोलल्यावर आलं.

काकूंनी ताकभात संपवला. बाई वाईट नव्हती. आचवताना मला म्हणाली, "बरं केलंस बोललीस ते. पुढं कळलं असतं तर मी तुला सोडलं नसतं." मार्तंडनं अप्पांना नमस्कार केला. निघताना काकू ओसरीच्या पायरीवरून म्हणाल्या, "कळवतो." तीनची मोटार गाठायची होती त्यांना.

अप्पा दुपारभर ओसरीवर बसून राहिले. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून आत आले. मी दोन पानं घेतली, सकाळचंच वाढलं. कोशिंबीर वाढू नये असं मनात आलं, पण भांडं समोरच होतं.

"का बोललीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही खोटं बोललात म्हणून."

"तुझ्यासाठी बोललो."

"माहीत आहे मला."

"मी गेल्यावर तुझं कसं व्हायचं, शामे? याचा काही विचार आहे का?"

मी रडायला लागले होते, आणि पदर तोंडाला लावायचंही मला सुचलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते. अप्पा मला रडू देत बसले. मग त्यांनी भांड्यातली कोशिंबीर चिमटीनं उचलली, तोंडात घातली आणि नीट चावली. जबडा हलला, थांबला.

"कडू," ते म्हणाले. "टाक."

मी भांडं उचललं आणि परसात नेऊन गाईच्या आंबोणात ओतलं. परत आले तेव्हा अप्पा माझ्यासाठी थांबले होते. त्यांनी अजून भाताला हात लावला नव्हता.